मेंदू-मणक्याची शल्यचिकित्सा : नवे संशोधन आणि आपले कर्तव्य

(रेणापूर येथे नागरिक व कार्यकर्त्यांसमोर मेंदू व मज्जारज्जूच्या एका शल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



रेणुकामातेच्या या गावात बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, हे आयोजकांनी माझ्यावरच सोपविले. मी म्हटले, मला माझ्या कामाखेरीज दुसरे फारसे काही येत नाही. मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेत अलीकडे जे संशोधन झाले, त्याविषयी बोलतो. त्यावर एक कार्यकर्ते संकोचाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा विषय मुंबई-पुण्याच्या परिषदांचा. आमच्या रेणापूरला त्याचा काय उपयोग?” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान, असे समजावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उसाचा गळीत हंगाम भरात होता. याच परिसरातला एक तरुण रात्री दुचाकीवरून परतत असताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता आणि याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. पाचेक मिनिटे तो बेशुद्ध होता. मग उठून बसला, चहा प्याला आणि सोबत्यांबरोबर घरी आला. अंगावर मोठी जखम नव्हती. “मुका मार आहे, झोपला की बरं वाटेल,” असे सर्वांनी ठरविले. पहाटे आई उठवायला गेली तर तो घोरत होता आणि हलवूनही जागा होईना. आमच्यापर्यंत पोहोचेतो सकाळचे नऊ वाजले होते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्ताची मोठी गाठ साठली होती. ती काढण्याची शस्त्रक्रिया आमच्या शास्त्रातील सर्वांत सरळ शस्त्रक्रियांपैकी एक आहे. आम्ही ती केली, पण मेंदूवरचा दाब तोवर सहन होण्यापलीकडे गेला होता. त्याचे वडील एवढेच म्हणाले, “साहेब, रातीला चांगलं बोलत व्हतं की पोरगं.”

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. त्या मुलाला कोणत्याही अद्ययावत यंत्राची उणीव पडली नव्हती. त्याला हवे होते ते योग्य वेळी कोणीतरी धोका ओळखणे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर झालेले संशोधन हेच पुनःपुन्हा सांगते. कोणावर शस्त्रक्रिया करावी, केव्हा करावी आणि कोणावर करू नये, हे पारखून घेतले तर रुग्ण वाचतो. ही पारख केवळ डॉक्टरांची नसते. तिचा पहिला अर्धा भाग घरात आणि रस्त्यावर पार पडतो.

निरीक्षणाची जुनी परंपरा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांचे वर्णन आहे. त्यांपैकी ३७ मर्मे मान आणि मस्तकात सांगितली आहेत. आघातानंतर काय घडते, यावरून सुश्रुताने मर्मांचे पाच प्रकार केले. त्यांतला एक प्रकार ‘विशल्यघ्न’. येथे रुतलेले शल्य जोवर आत आहे तोवर माणूस जिवंत राहतो आणि ते उपसून काढले की दगावतो. अशी मर्मे तीनच सांगितली आहेत आणि तिन्ही मस्तकावरची आहेत. दोन ‘उत्क्षेप’, तर एक भुवयांच्या मधले ‘स्थपनी’. आजही डोक्यात सळई किंवा लोखंडाचा तुकडा रुतलेला रुग्ण आला, तर आम्ही रस्त्यावर तो उपसू नका असेच बजावतो. रुतलेली वस्तूच कित्येकदा फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरते. ती शस्त्रक्रियागृहात, सर्व तयारीनिशीच काढायची असते.

यावरून आजचे सारे शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो त्यांच्यावरही अन्याय ठरेल. त्यांचे मोठेपण निराळे आहे. त्यांनी जखमी माणसे जवळून पाहिली, कोण जगला, कोण दगावला याचा ताळा मांडला आणि तो लिहून ठेवला. संशोधनाचा गाभा हाच आहे.

परळच्या रुग्णालयातून जगभर

स्वतंत्र भारतातील मेंदू-शल्यचिकित्सेचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोर येथे डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी कामाला आरंभ केला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजविले. पुढे परळच्या केईएम रुग्णालयातून एक असे काम उभे राहिले, ज्याची दखल साऱ्या जगाला घ्यावी लागली.

आपली मान डावी-उजवीकडे वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळणे मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्यात होते. दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक उंचवटा असतो आणि पहिला मणका त्याच्याभोवती कड्यासारखा फिरतो. जन्मजात दोष, अपघात, क्षय किंवा संधिवात यांमुळे हा सांधा ढिला झाला, तर तो दात मागे सरकून मज्जारज्जूवर दाबला जातो. मग हातापायांची शक्ती जाते, चाल अडखळते आणि कधी श्वासही अडतो. अशा वेळी हे दोन मणके एकमेकांना पक्के जोडणे भाग असते. पूर्वी त्यासाठी मागच्या बाजूने तारा आवळीत असत. तारा ढिल्या पडत, तुटत आणि रुग्णाला दीर्घकाळ मान जखडून राहावे लागे.

केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून एक वेगळी वाट धरली. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागात थेट स्क्रू बसवायचे आणि ते पट्टीने जोडायचे. सांगायला सोपे वाटणारे हे काम करायला धैर्य लागते. बोटाच्या पेराएवढ्या त्या जागेत एका बाजूला मज्जारज्जू, दुसऱ्या बाजूला मेंदूला रक्त पुरविणारी धमनी आणि भोवती सहज रक्तस्राव होणाऱ्या शिरांचे जाळे असते. १९९४ मध्ये गोयल आणि लाहेरी यांनी ही पद्धत ‘ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका’ या नियतकालिकात मांडली. २००१ मध्ये जर्मनीतील युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून याच तत्त्वाची पद्धत प्रसिद्ध केली. २००२ मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी १६० रुग्णांचा अनुभव मांडला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही शस्त्रक्रिया ‘गोयल-हार्म्स’ या जोडनावाने शिकविली जाते. महापालिकेच्या एका रुग्णालयात, जेथे खाटेला खाट लागलेली असते आणि रुग्ण बहुतांशी गरीब असतात, तेथे हे घडले, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा.

अभिमानासोबत आणखी एक गोष्ट समजून घेऊ. २०१५ मध्ये डॉ. गोयल यांनी ६५ रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला एक धाडसी विचार मांडला. ‘कियारी’ नावाच्या विकारात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या छिद्रातून मानेत उतरतो. प्रचलित शस्त्रक्रियेत तेथले हाड काढून जागा मोकळी करतात. गोयल म्हणाले की, मूळ दोष त्या वरच्या सांध्याच्या अस्थिरतेत आहे, तेव्हा सांधा पक्का करावा. अनेक शल्यचिकित्सकांना हे पटले नाही. प्रत्येक रुग्णाचा सांधा जखडला तर मानेचे वळणे कायमचे कमी होईल आणि साध्या शस्त्रक्रियेने भागणाऱ्यांवर मोठी शस्त्रक्रिया लादली जाईल, हा त्यांचा आक्षेप आहे. आपला माणूस म्हणून गोयलांचे म्हणणे डोळे झाकून मानणे हे शास्त्र नव्हे आणि इथला माणूस म्हणून ते उडवून लावणे हेही शास्त्र नव्हे. दोन्ही पद्धतींची निःपक्ष तुलना मोठ्या प्रमाणावर होईल तेव्हाच हा वाद मिटेल. त्या तुलनेचे मोल किती असते, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

माझी एक चूक

डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची प्रथा कित्येक दशके जगभर होती. मेंदूची सूज उतरावी हा हेतू. मेंदूतील अर्बुदाभोवतीची सूज स्टिरॉइडने खरोखरच उतरते, मग मार लागल्यावर आलेली सूज का उतरू नये, असा सरळ तर्क होता. मीही तरुणपणी ही इंजेक्शने निःशंक मनाने दिली. नातेवाइकांना सांगत असे, “सर्वांत चांगले औषध सुरू केले आहे.”

मग ‘क्रॅश’ नावाची चाचणी झाली. ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत, डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला स्टिरॉइड दिले आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण. कोणाला काय मिळाले, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. खरे तर २०,००० रुग्णांची योजना होती, पण २००४ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या गटातील २१.१ टक्के रुग्ण दगावले होते आणि दुसऱ्या गटातील १७.९ टक्के. म्हणजे आम्ही ज्याला संजीवनी समजत होतो, ती शंभरामागे तीन जीव अधिक घेत होती.

हा निबंध वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. कोणत्या रुग्णाला त्या औषधाने मारले, हे कधीही कळणार नाही. एकेका रुग्णाकडे पाहून ते कळणे शक्यच नव्हते. शंभरामागे तीनचा फरक अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही. तो दहा हजारांच्या नोंदींतूनच दिसतो. तर्क, अनुभव आणि सद्हेतू हे तिन्ही असूनही माणूस चुकू शकतो, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. कोणी डॉक्टर “हे औषध मी आता देत नाही, नव्या संशोधनाने मत बदलले” असे म्हणाला, तर त्याच्यावर अधिक विश्वास ठेवा.

तीन तासांचे मोल

याच संशोधकांनी पुढे एका जुन्या, स्वस्त औषधाची परीक्षा घेतली. ट्रानेक्झामिक ॲसिड हे त्याचे नाव. १९६० च्या दशकात जपानमधील ओकामोतो दांपत्याच्या संशोधनातून ते पुढे आले. अतिरिक्त रजःस्राव थांबविण्यासाठी आपल्याकडील स्त्रीरोगतज्ज्ञ ते आजही देतात. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ चाचणीने दाखविले की, अपघातात मोठा रक्तस्राव झालेल्यांना हे औषध लवकर दिले तर मृत्यू कमी होतात. वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत भारतीय रुग्णालयांचा मोठा वाटा होता.

डोक्याच्या मारासाठी ‘क्रॅश-३’ चाचणी झाली. १२,७३७ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तीन तासांच्या आत उपचार मिळालेल्या सर्वांचा एकत्र विचार केला, तर मृत्यूंतील फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. मात्र ज्यांची दुखापत सौम्य वा मध्यम होती, त्यांच्यात डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले. अतिगंभीर रुग्णांत लाभ दिसला नाही. मेंदूत झिरपणारे रक्त गाठ मोठी होण्यापूर्वी थांबवता येते, नंतर नाही.

बंधू-भगिनींनो, आता या आकड्यांचे रेणापूरच्या मातीत रूपांतर करा. लातूर येथून वीसेक किलोमीटर. अर्ध्या-पाऊण तासात रुग्ण सीटी स्कॅनपाशी पोहोचू शकतो. पानगाव, खरोळ्याहून आणखी थोडा वेळ धरा, तरीही तीन तास पुरेसे आहेत. मग ते जातात कोठे? कांदा फोडून हुंगविण्यात, बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतण्यात, “दारू प्यालाय, उतरेल” या समजुतीत, पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीत आणि वडीलधारे येईपर्यंत वाट पाहण्यात. बेशुद्धाच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. लचांडाची भीती तर कायद्यानेच दूर केली आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे.

लक्षणे पाठ करून ठेवा. मार लागल्यावर थोडा वेळही शुद्ध हरपली, पुनःपुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी येऊ लागली, बोलणे असंबद्ध झाले, फिट आली, एक हात किंवा पाय लुळा पडला किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट पाहायची नाही. “आता बोलतोय ना” हा दिलासा फसवा असतो. त्या तरुणाच्या वडिलांचे वाक्य आठवा. कवटीच्या आतील त्या गाठीत मधला काही काळ रुग्ण अगदी धडधाकट दिसतो. तेवढाच काळ त्याला वाचविण्यासाठी आपल्या हाती असतो.

मान सांभाळून उचला

किल्लारीची ती पहाट, ३० सप्टेंबर १९९३, या जिल्ह्यातील कोणी विसरलेले नाही. ढिगाऱ्याखालून माणसे मिळेल त्या रीतीने ओढून काढली गेली. त्या क्षणी दुसरा इलाजही नव्हता. पण आज, अपघाताच्या प्रसंगी, आपण अधिक जाणून आहोत. मानेचा मणका मोडला असेल तर काखेत आणि पायाला धरून जखमी माणसाला झोळीसारखे उचलल्याने मज्जारज्जू आणखी चिरडू शकतो. तिघा-चौघांनी मिळून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवावे, ओंडका वळवावा तसे एकदम वळवावे आणि फळीवर, दारावर किंवा बाजेवर सरळ निजवावे.

मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केला. ज्यांच्या मज्जारज्जूवरील दाब २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने काढला, त्यांच्यापैकी १९.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी शक्तीत दोन पायऱ्यांची किंवा त्याहून अधिक सुधारणा झाली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. येथेही घड्याळच बोलते.

जाता जाता एक सूचना. केस कापल्यावर न्हाव्याकडून मान ‘मोडून’ घेण्याची सवय अनेकांना आहे. ज्या सांध्याविषयी मी एवढे बोललो, तो कोणाचा आतून ढिला असेल, हे बाहेरून कळत नाही. ही सवय सोडावी.

वाचला, पण कसा?

काही रुग्णांत मेंदूची सूज औषधांनी आवरत नाही. तेव्हा कवटीचे मोठे हाड काही काळासाठी काढून मेंदूला जागा करून देतात. याची कसोटी ४०८ रुग्णांवर झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांत, केवळ औषधोपचार झालेल्या गटातील ४८.९ टक्के रुग्ण दगावले, तर शस्त्रक्रिया झालेल्यांतील २६.९ टक्के. शंभरांत बावीस जीव वाचले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण याच चाचणीने दुसरी बाजूही लपविली नाही. डोळे उघडे, परंतु जाणीव नाही अशा अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ८.५ टक्के होते आणि दुसऱ्यात २.१ टक्के. वर्षभरानंतर निदान घरात स्वतंत्रपणे वावरू शकणारे किंवा त्याहून बरे झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ४५.४ टक्के, तर दुसऱ्यात ३२.४ टक्के निघाले.

म्हणून अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या कुटुंबाने “वाचेल का?” या प्रश्नानंतर “वाचला तर कसा राहील?” हाही प्रश्न विचारावा. तो विचारणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. पुढच्या सेवेचा भार बहुधा घरातील आईवर किंवा पत्नीवर पडतो. तिलाही त्या निर्णयात सामील करून घ्या. हा निर्णय बैठकीच्या खोलीत चार पुरुषांनी परस्पर घ्यायचा नसतो.

आजोबांचा म्हातारचळ?

घराघरांत घडणारी एक गोष्ट सांगतो. आजोबा चौकटीवर आपटतात. थोडे टेंगूळ येते, ते उतरते आणि सर्व विसरून जातात. महिन्या-दीड महिन्याने आजोबा विसरभोळे होतात, चाल बिघडते, कपड्यांत लघवी होते. घरचे म्हणतात, “वय झालं, म्हातारचळ लागला.” यांतील काहींच्या मेंदूवर सावकाश साचलेले पातळ रक्त असते. कवटीला दोन छिद्रे पाडून ते काढले की तोच माणूस काही दिवसांत नातवाशी गप्पा मारू लागतो. आमच्या व्यवसायात याइतका आनंद देणारी शस्त्रक्रिया क्वचितच असेल.

यावरचे संशोधनही उद्बोधक आहे. २००९ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथील चाचणीने दाखविले की, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस एक साधी नळी ठेवली तर रक्त पुन्हा साचण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर येते. एका साध्या नळीने केवढा फरक! येथेही स्टिरॉइड द्यावे असे अनेकांना वाटे. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीचा निष्कर्ष आला. स्टिरॉइडने पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी झाली खरी, पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ८३.९ टक्केच होते. स्टिरॉइड न घेतलेल्यांत ते ९०.३ टक्के होते. २०२४ मध्ये अमेरिकेतील ४०० रुग्णांच्या चाचणीने नवा मार्ग दाखविला. शस्त्रक्रियेच्या जोडीला, मेंदूच्या आवरणाला रक्त पुरविणारी एक धमनी आतून बंद केली, तर पुन्हा उपचाराची गरज ११.३ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर येते. ही सोय मोठ्या शहरांतून आहे. परंतु निदान मात्र घरच्या माणसाच्या लक्षात येण्यापासूनच सुरू होते. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे.

‘गॅप’, ‘गादी’ आणि स्क्रू

आता पाठीच्या दुखण्याकडे येतो, कारण व्याख्यान संपल्यावर निम्मे प्रश्न त्याचेच येणार हे मला ठाऊक आहे. “मणक्यात गॅप आलाय”, “गादी सरकलीय”, “नस दबलीय” असे सांगत माणसे एमआरआयची पिशवी घेऊन येतात. वयोमानाने केस पिकतात तशी मणक्यांमधली गादीही वाळते. चित्रात दिसले म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. चित्र आणि त्रास यांचा मेळ बसावा लागतो.

नेदरलँड्समध्ये, गादी सरकून पायात सहा ते बारा आठवडे तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांवर चाचणी झाली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया करायची, दुसऱ्याने औषध-व्यायामावर थांबायचे, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेच्या गटाची वेदना लवकर थांबली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. म्हणजे वेदना असह्य असेल, काम अडले असेल, तर शस्त्रक्रिया हा रास्त मार्ग आहे. थांबायची तयारी असेल तर थांबणेही तितकेच शास्त्रशुद्ध आहे. अपवाद एकच, आणि तो लक्षात ठेवाच. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेची संवेदना गेली, किंवा पायाची शक्ती भराभर कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

वृद्धांमध्ये कमरेच्या मणक्याची नळी अरुंद होते. चालताना पाय भरून येतात आणि बसले की बरे वाटते. दाब मोकळा करणे पुरेसे आहे की स्क्रू-सळई घालून मणके जोडावेत, हा प्रश्न असतो. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या चाचणीने २०१६ मध्ये सांगितले की, मणके जोडल्याने दोन वर्षांनंतर अधिक लाभ होत नाही. एक मणका दुसऱ्यावरून थोडा घसरला होता, अशा रुग्णांतही लाभ दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील एका लहान चाचणीत मणके जोडलेल्यांना थोडा अधिक फायदा दिसला. म्हणून स्क्रू सर्वांना नको आणि सर्वांना वर्ज्यही नको. परळच्या त्या सांध्याला स्क्रू जीवनदायी ठरतो, तर कमरेच्या दुखण्यात तो अनेकदा अनावश्यक असतो. तेव्हा डॉक्टरांना आदराने, पण निःसंकोच विचारा. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? सहा आठवडे थांबलो तर धोका आहे काय? स्क्रू घातल्याने मला नेमका काय लाभ? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

समारोप

मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे परत येतो. या संशोधनाचा रेणापूरला काय उपयोग? हजारो रुग्णांच्या नोंदींतून निघालेले तीन तासांचे मोल येथे, याच रस्त्यावर वसूल व्हायचे आहे. गावोगावी जाणारे आपण कार्यकर्ते आहोत. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लागेल, हे पाहणे आपल्याला अशक्य आहे काय? आपल्या घरातील मुलगा हेल्मेटविना गाडीला किल्ली लावणार नाही, एवढा आग्रह आपण धरू शकत नाही काय? प्रत्येक गावात दहा तरुणांना जखमी माणूस कसा उचलावा, कसा नेऊ नये, हे शिकविण्यास एक रविवार पुरेल. तो शिकविण्यासाठी मी पुन्हा येथे यायला तयार आहे.

शल्यचिकित्सकाचे शस्त्र फार धारदार असते, पण त्याचा हात रुग्णापर्यंत पोहोचतो तो आपल्या हातांवरून. त्या पित्याचे वाक्य पुन्हा कोणाला उच्चारावे लागू नये, एवढीच रेणुकामातेच्या चरणी प्रार्थना करतो आणि माझे बोलणे थांबवितो.